एकाच थंडीची दोन शहरं

17 जुलै 1975 हा गुरुवार जगाच्या लक्षात आहे तो अंतराळातल्या हस्तांदोलनामुळे. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही यानं त्या दिवशी पृथ्वीभोवती फिरता फिरता एकमेकांना जोडली गेली आणि शीतयुद्धातल्या दोन वैऱ्यांचे अंतराळवीर मधल्या झडपेतून एकमेकांना भेटले. दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात त्या तारखेची आठवण वेगळी आहे. त्या दिवशी तिथं बर्फ पडला.

कुरितिबा ही पाराना राज्याची राजधानी. तेव्हा सात-आठ लाख वस्तीचं शहर, समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच पठारावर वसलेलं. ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिओचा किनारा आणि कार्निव्हल येतं, पण हे शहर त्या चित्रात बसत नाही. तिथं हिवाळा असतो, जुलैत असतो, आणि पहाटे गवतावर दहिवर पांढरं होतं. पण दहिवर वेगळं आणि आकाशातून पडणारा बर्फ वेगळा. आणखी दक्षिणेला, सांता कातारिनाच्या उंच डोंगराळ भागात, बर्फ अधूनमधून पडतो. कुरितिबात मात्र 1928 मधल्या मोठ्या हिमवर्षावाच्या गोष्टी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायच्या, इतकंच. त्यात या शहरातले बरेच आजी-आजोबा मुळात पोलंड, युक्रेन, जर्मनी, इटली सोडून आलेले. बर्फ मागे टाकून आलेल्या माणसांच्या नातवंडांनी तो पहिल्यांदा पाहिला.

त्या सकाळी भुरभुर सुरू झाली आणि बघता बघता छपरं, मोटारींचे टप, बागांमधली हिरवळ पांढरी झाली. त्या गुरुवारी हातातली कामं टाकून माणसं रस्त्यांवर उतरली. त्या दिवसाचे फोटो भरपूर आहेत: कोट-टाय घातलेले कारकून एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकताहेत, मोटारीच्या बॉनेटवर बर्फाचे बाहुले उभे आहेत, आणि बहुतेकांच्या अंगावर या थंडीला पुरतील असे कपडेच नाहीत. काही तासांचा खेळ. कुणाचं काही बिघडलं नाही.

या फोटोंमुळेच 1975 ची थंडी ‘बर्फाचं साल’ म्हणून ओळखली जाते, आणि मला हे नाव नेहमीच थोडं अन्यायाचं वाटत आलेलं आहे. कारण त्याच थंडीनं पुढच्या काही तासांत त्याच राज्याच्या उत्तरेला जे केलं, त्याचे फोटो कुणी हौसेनं काढण्यासारखे नव्हते.

हवामानाची गोष्ट अशी. दक्षिण ध्रुवाकडची थंड हवा पातागोनिया ओलांडून, अँडीजच्या पूर्वेच्या मैदानावरून उत्तरेकडे सरकत होती. तिची आघाडी कुरितिबावर आली तेव्हा हवेत अजून ओलावा होता. थंडी आणि ओलावा एका जागी भेटले आणि बर्फ पडला. ढग म्हणजे जमिनीवरचं पांघरूण, जमिनीची ऊब ते वर निसटू देत नाहीत. त्या आघाडीच्या मागे जी हवा आली ती कोरडी होती आणि आकाश निरभ्र, म्हणजे ते पांघरूणही गेलं. 17 ची रात्र उलटून 18 ची पहाट होईपर्यंत ही कोरडी, बोचरी हवा राजधानीपासून पावणेचारशे किलोमीटरवरच्या लोंद्रिना आणि त्याच्या भोवतालच्या कॉफीच्या मळ्यांवर पसरली होती.

साधं दहिवर पडतं तेव्हा हवेतलं पाणी पानावर गोठतं. गोठताना थोडी उष्णता बाहेर पडते, तेवढाच पानाला आधार. हवा फारच कोरडी असेल तर पानावर काहीच जमत नाही, आणि तापमान उतरत राहून पानाच्या आतला रस गोठतो. पेशी फुटतात. सकाळी मळा पांढरा दिसत नाही, आहे तसाच हिरवा दिसतो. ऊन वर आलं की पानं काळवंडायला लागतात आणि दोन-तीन दिवसांत डोंगरच्या डोंगर वणवा लागून गेल्यासारखे होतात. पारानाचे शेतकरी याला ‘झेआदा नेग्रा’ म्हणतात, काळं दहिवर.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरातलं. त्याला थंडावा चालतो, गोठण चालत नाही. मग मकरवृत्ताला जवळपास चिकटून, जिथं दर काही वर्षांनी दहिवर पडणारच, तिथं कॉफी लावली कुणी? लावली ती जमिनीच्या मोहानं. उत्तर पारानाची माती लालभडक, खोल आणि विलक्षण सुपीक. 1920 च्या दशकात लंडनच्या भांडवलदारांनी तिथं जंगलाचा प्रचंड पट्टा विकत घेतला, जमीन-कंपनी काढली, रेल्वे ओढून आणली. 1929 मध्ये पहिली तुकडी जंगलात पोचली आणि 1934 मध्ये लोंद्रिनाची नगरपालिका झाली. नाव लंडनवरून, वस्ती मात्र जपानी, इटालियन, जर्मन, साओ पाउलोहून आणि ईशान्य ब्राझीलहून आलेल्यांची.

या कंपनीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. साओ पाउलोसारखी हजारो एकरांची जहागिरी न करता तिनं छोटे तुकडे पाडले आणि हप्त्यांवर विकले. प्रत्येक तुकडा लांबट पट्टीसारखा: वरचं टोक टेकडीच्या माथ्यावरच्या रस्त्याला लागलेलं, खालचं टोक ओढ्याला. खाली घर, डुकरं, गुरांचं कुरण, भाजीपाला. वर माथ्यावर कॉफी. ही रचना नुसती नकाशाची सोय नव्हती. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत दरीत साचते. दहिवर आधी दरीत मारतं, माथा बहुतेक वेळा वाचतो. घरातली माणसं शेकोटी पेटवून रात्र काढू शकतात, झाडांना ते जमत नाही. म्हणून झाडं वर, माणसं खाली.

1953, 1955, 1963, 1969. दहिवराची ही सालं तिथल्या शेतकऱ्यांना पाठ असत. प्रत्येक वेळी नुकसान झालं, प्रत्येक वेळी झाडं छाटली, नवे फुटवे आले आणि तीनेक वर्षांत मळा पुन्हा उभा राहिला. थंडीच्या रात्री ओला भुसा, पेंढा, जुने टायर जाळून धूर करायची रीत होती. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार रात्री-पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात, तसंच. हवा स्थिर असेल तर या उपायाचा थोडाफार उपयोग होतो. 18 जुलैला थंडी वाऱ्यावर बसून आली. वारा धूर घेऊन गेला, आणि दरीत साचायच्या ऐवजी गारठा माथ्यावरूनही तितकाच सणसणत गेला. जी रचना चार दशकं कामी आली होती ती त्या रात्री निरुपयोगी ठरली.

आकडे अवाक करणारे आहेत. 1975 चा हंगाम तोवर बहुतेक उरकला होता. पारानानं त्या वर्षी 60 किलोंची एक कोटी दोन लाख पोती कॉफी दिली होती, म्हणजे ब्राझीलच्या उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा. पुढच्या वर्षी, 1976 मध्ये, पारानाची कॉफी निघाली 3,800 पोती. लाख नाही, हजारच. साओ पाउलो आणि मिनास जेराइस राज्यांतल्या मळ्यांनाही फटका बसला आणि सगळ्या ब्राझीलचं पीक एक कोटी पोत्यांच्या खाली घसरलं. लोंद्रिनात 1952 मध्ये वास्तुकार विलानोव्हा आर्तिगास यांनी उभारलेल्या चित्रपटगृहाचं नाव ‘ओरो व्हेर्दे’, हिरवं सोनं. शहराचं नवं फुटबॉल मैदान ऑगस्ट 1976 मध्ये खुलं झालं, त्याचं नाव ‘कॉफी स्टेडियम’. शहराचा पैसा ज्यातून आला त्याचंच नाव द्यायचं हे रीतीला धरून होतं. फक्त त्या वर्षी आजूबाजूला कॉफी नव्हती.

‘एका रात्रीत कॉफी संपली आणि लाखो लोक देशोधडीला लागले’ असं हे प्रकरण नेहमी सांगितलं जातं. सांगायला सोपं, म्हणून ते टिकलं. पण आधीची दहा-बारा वर्षं पाहिली तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

1960 च्या सुमारास ब्राझीलकडे कॉफी जास्त झाली होती. गोदामं भरलेली, भाव पडलेला. 1962 पासून सरकारनं शेतकऱ्यांना पैसे देऊन कॉफी उपटायला लावली. काही वर्षांत देशभरात शंभर कोटींहून जास्त झाडं निघाली. 1963 मध्ये शेतमजुरांसाठी नवा कायदा आला. मळ्यावर घर, थोडी जमीन आणि वार्षिक करार देऊन कुटुंब ठेवायची जुनी पद्धत होती. कायद्यानं त्यांना हक्क दिले, तसा मालकांचा खर्च वाढला आणि त्यांनी कुटुंबांना मळ्याबाहेर काढायला सुरुवात केली. ही माणसं गावाच्या कडेला झोपड्या टाकून राहू लागली, पहाटे मुकादमाच्या ट्रकवर चढून दिवसाच्या मजुरीला जाऊ लागली. दुपारी डब्यातलं गार झालेलं जेवायचं, म्हणून त्यांचं नावच ‘बोया-फ्रिया’ पडलं, थंड जेवणवाले. हे सगळं 1975 च्या आधी सुरू झालं होतं.

त्यात जून 1973 मध्ये अमेरिकेनं सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. बंदी अल्पायुषी ठरली, पण जपानसारखे ग्राहक घाबरले आणि दुसरा पुरवठादार शोधू लागले. ब्राझीलच्या लष्करी सरकारनं सोयाबीनला आणि ट्रॅक्टरला स्वस्त कर्ज दिलं. कॉफीला वर्षभर हात लागतात: खुरपणी, वेचणी, वाळवणं. सोयाबीनला यंत्र लागतं आणि ते चालवायला एक माणूस.

अशा वेळी काळं दहिवर आलं. ज्याच्याकडे जमीन आणि पत होती त्याच्यापुढे दोन रस्ते होते: खोडं छाटून तीन वर्षं थांबायचं, की मळा नांगरून ऑक्टोबरात सोयाबीन पेरायचं. पुष्कळांनी दुसरा निवडला. थंडीनं झाडं मारली हे खरं. कुळांना आणि मजुरांना बाहेर काढण्याचा निर्णय मात्र माणसांचा होता, आणि तो घेणाऱ्यांना हवामानाचं कारण आयतं मिळालं. लहान शेतकऱ्याला तीन वर्षं थांबणं परवडणारं नव्हतं. त्यानं जमीन शेजारच्या मोठ्याला विकली.

पारानाची ग्रामीण लोकसंख्या 1970 च्या जनगणनेत सुमारे 44 लाख होती. 1980 मध्ये ती सुमारे 32 लाखांवर आली. दहा वर्षांत ब्राझीलची लोकसंख्या वाढत असताना एका राज्याच्या खेड्यांतून बारा लाखांहून अधिक माणसं कमी झाली. कुणी कुरितिबाच्या कडेच्या वस्त्यांत गेले, म्हणजे बर्फाचे बाहुले झालेल्या त्याच शहरात. त्या दशकात कुरितिबा सहा लाखांवरून दहा लाखांवर गेलं. कुणी साओ पाउलोच्या कारखान्यांत गेले. कुणी सीमा ओलांडून पाराग्वेत स्वस्त जमिनीवर बसले, तर कुणी बायकामुलांसह ट्रकमधून अमेझॉनच्या कडेच्या रोंदोनियात, जिथं सरकार जंगलाचे तुकडे पाडून वाटत होतं. आज रोंदोनियात कॉफी होते. ती लावणाऱ्यांत पारानाहून गेलेली घरं बरीच आहेत.

मागे राहिले त्यांच्यासाठी एक संस्था होती: लोंद्रिनातली कृषिसंशोधन संस्था, 1972 मध्ये स्थापन झालेली. तिनं पुढे झाडं दाटीनं लावायची पद्धत रुजवली आणि 1990 च्या दशकात दहिवराचा इशारा देणारी सेवा सुरू केली. इशारा आला की एक-दोन वर्षांच्या रोपांच्या बुंध्याला मातीची भर घालायची. वरचं जळालं तरी मातीखालचं खोड पुन्हा फुटतं. उपाय इतका साधा की 1975 मध्ये तो सगळीकडे का नव्हता असा प्रश्न पडतो. पण त्या काळी मळ्यांत जुनी, उंच झाडं होती. त्यांना माती कुठवर चढवणार?

ब्राझीलबाहेर या थंडीनं काय केलं तो भाग मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. न्यूयॉर्कच्या बाजारात 1975 च्या मध्याला कॉफी पौंडाला साठ सेंटच्या आसपास होती. दहिवराची बातमी आली, भाव चढले. मग अंगोलात, जो तेव्हा मोठा उत्पादक होता, स्वातंत्र्याबरोबरच यादवी पेटली. फेब्रुवारी 1976 मध्ये ग्वाटेमालात भीषण भूकंप झाला. गोदामांतला जुना साठा संपत गेला. एप्रिल 1977 मध्ये भाव तीन डॉलरच्या वर होता. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक-व्यवहार आयुक्त एलिनॉर गुगेनहायमर यांनी लोकांना कॉफीवर बहिष्कार टाकायचं आवाहन केलं आणि अमेरिकेतली दुकानं स्वतःच गिऱ्हाइकांना चहा घ्या म्हणून सांगू लागली. चहा पिणाऱ्या आपल्यासारख्यांना यात गंमत वाटेल. पण कोलंबियात याच काळात कॉफीचा पैसा इतका आला की त्या वर्षांना तिथं आजही ‘बोनान्सा’, म्हणजे भरभराट, म्हणतात.

युगांडात हा पैसा इदी अमीनच्या हाती पडला. देशाची अर्थव्यवस्था त्यानं स्वतःच मोडीत काढली होती, भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांना 1972 मध्येच हाकलून दिलं होतं. आता जवळपास सगळं परकीय चलन कॉफीतून येत होतं, आणि भाव पाचपट झालेला. सरकारी खरेदीदर मात्र इतका हलका की शेतकरी रात्री पोती सीमेपलीकडे केनियात नेऊन विकत. चेप्कुबे नावाचं केनियातलं आडबाजूचं बाजारगाव त्या चोरट्या कॉफीवर गब्बर झालं. अमेरिकी कंपन्या अमीनची कॉफी 1978 पर्यंत घेत राहिल्या, मग अमेरिकेच्या संसदेनं बंदी घातली. पुढच्या वर्षी अमीन पळाला. त्याच्या पाडावाचं श्रेय टांझानियाच्या सैन्याचं; पण मधली दोन वर्षं तो कशावर तगला, याचा हिशेब करताना पारानाची ती पहाट धरावी लागते.

पूर्व जर्मनीत तर सरकारच हादरलं. तिथं कॉफी ही लोकांची एक मोठी हौस, आणि ती पश्चिमेच्या चलनातच विकत घ्यावी लागे. आयातीचा खर्च वर्षाला सुमारे 15 कोटी मार्कांवरून 70 कोटींच्या घरात पोचला. 1977 मध्ये सरकारनं स्वस्त कॉफी बाजारातून काढून घेतली आणि ‘काफे-मिक्स’ नावाचं मिश्रण आणलं: निम्म्याहून किंचित जास्त कॉफी, बाकी चिकोरी, राय, शुगरबीट. लोकांनी ते थुंकून टाकलं. पक्षप्रमुख एरिक होनेकर यांच्या नावावरून त्याचं ‘एरिकचा राज्याभिषेक’ असं बारसं झालं. पश्चिम जर्मनीतल्या एका नामांकित कॉफीच्या नावाची ती टिंगल होती. तक्रारींचा इतका पूर आला की हुकूमशाही सरकारला ते मिश्रण मागे घ्यावं लागलं. पश्चिमेतले नातेवाईक सणासुदीला पाठवत त्या पार्सलांतून येणाऱ्या कॉफीवर देशाचा मोठा हिस्सा भागत होता, ही सरकारला त्याहून बोचणारी गोष्ट.

मग त्यांनी चलन न लागणारी कॉफी शोधली. इथिओपियाला शस्त्रं देऊन कॉफी घेतली, ते जमेनासं झालं तेव्हा युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या व्हिएतनामकडे वळले. 1980 पासूनच्या करारांनुसार पूर्व जर्मनीनं दाक लाक प्रांतात यंत्रं, सिंचन, वसाहती आणि तंत्रज्ञ पुरवले. बदल्यात पुढची वीस वर्षं निम्मं पीक घ्यायचं ठरलं. झाडं वाढून पीक हाताशी यायला दशक सरलं. तोवर 1990 उजाडलं आणि घेणारा देशच उरला नाही. कॉफी व्हिएतनामकडेच राहिली. विसाव्या शतकाच्या शेवटाला व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगातला दुसरा मोठा उत्पादक झाला होता, आणि त्याच्या रोबुस्टा जातीच्या कॉफीनं बाजार इतका भरला की 2001 मध्ये न्यूयॉर्कचा भाव पन्नास सेंटच्या खाली गेला. 1975 मधल्या भावाहून खाली, आणि तोही महागाई न धरता. त्या वर्षी पारानात पुन्हा कॉफी लावून बसलेल्या लहान शेतकऱ्यांना थंडीची नव्हे, भावाची धास्ती होती.

पारानाचा ब्राझीलच्या कॉफीतला वाटा आता जेमतेम एक-दोन टक्के आहे. पीक उत्तरेला मिनास जेराइस, एस्पिरितो सांतो, बाहियाकडे सरकलं. दहिवराचा धोका तिथं कमी. मात्र दक्षिण मिनासला जुलै 2021 च्या थंडीनं गाठलंच, आणि तिकडच्या बातम्यांत 1975 चा दाखला निघाला. 1977 मध्ये झालेला भावाचा उच्चांक मात्र त्या वर्षीही मोडला नाही. तो 47 वर्षं टिकला आणि डिसेंबर 2024 मध्ये मोडला. या वेळी कारण थंडीचं नव्हतं. ब्राझीलमध्ये पाऊस पडला नव्हता, आणि त्याआधी व्हिएतनामच्या रोबुस्टालाही दुष्काळानं धरलं होतं.